पाठ असलेला तक्ता

"तक्ता पाठ कर. नुसता पाठ नाही, गळ्यात बसव. झोपेतून उठवलं तरी म्हणता आला पाहिजे. तुला तक्ता पाठ असला की तुझे डोळे मोकळे होतात बघ. मग वाचणारा तक्त्याकडे बघेल आणि तू वाचणाऱ्याकडे. माणूस डोळे बारीक करतो का, मान तिरकी करतो का, झाकणाऱ्या हाताची बोटं हळूच फाकवतो का, सगळं तिथं असतं. तक्त्यावर काही नसतं, बगळ्या. तक्त्यावर नुसती अक्षरं असतात."

हा आवाज त्याच्या कानात शिरला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं, आणि नंतर तो कानातून बाहेर पडलाच नाही. जरासा बसका, गाळ खाली बसलेल्या पाण्यासारखा शांत, आणि वाक्याच्या शेवटी किंचित वर उचलला जाणारा. मोठ्या बाईंचा आवाज. डोळ्यांच्या दवाखान्यात त्या नजर तपासत आणि सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत, जणू आत कुठेतरी छोट्या बाईही असाव्यात. तशा कुणी नव्हत्या. लांबट, बोगद्यासारखी काळोखी खोली, एका टोकाला उंच खुर्ची, दुसऱ्या टोकाला भिंतीवर दिव्याची पेटी, आणि पेटीवर तो पांढरा तक्ता, वर तळहाताएवढं अक्षर आणि उतरत उतरत खाली मुंग्यांची रांग. तो मशीनवर वाकला की त्याची मान लांब व्हायची आणि एक पाय आपोआप दुसऱ्या पोटरीला टेकायचा, म्हणून बाईंनी त्याला बगळ्या केलं. त्यांनी त्याला सगळं शिकवलं ते असंच, जाता येता, हाताखाली घेऊन. चाचणीची फ्रेम नाकावर ठेवताना कानामागचे केस ओढले जाऊ द्यायचे नाहीत. भिंग कडेनंच धरायचं, पोटाला बोट लावायचं नाही. थेंब घालण्याआधी "आता गार लागेल हं" म्हणायचं, कारण माणूस थेंबाला दचकत नाही, न सांगितलेल्या थेंबाला दचकतो. डोळ्यातला दाब मोजायच्या फुंकरीच्या मशीनवर हनुवटी टेकवली की फुंकर येईस्तोवर काहीबाही बोलत राहायचं, पाणी आलं का हो नळाला, असलं काहीतरी. आणि तक्ता. तक्त्याला त्यांनी चाल लावली होती. ग. मग थोडं थांबायचं. र, प. न, ल, ट. प्रत्येक ओळीला एक पायरी उतरायची आणि शेवटच्या ओळीत श्वास पुरवून पुरवून वापरायचा. ती चाल त्याच्या अंगात अशी भिनली, की बसथांब्यावर उभं असताना, दाढी करताना, बायकोशी भांडून गप्प बसलेला असताना ती त्याच्या ओठांवर यायची. लग्न नवं होतं तेव्हा बायकोनं विचारलं होतं, कुठलं हो गाणं हे, शब्दच नाहीत त्यात. तो म्हणाला होता, ऑफिसचं आहे. तिनं दोन ओळी शिकून घेतल्या होत्या. पुढे तिनं त्याही सोडून दिल्या.

आज शनिवार. शनिवारी दुपारी डॉक्टर ऑपरेशनसाठी दुसऱ्या इस्पितळात जातात, आणि दवाखाना अर्धा झोपतो. शाळेच्या, नोकरीच्या किरकोळ चिठ्ठ्यांपुरता तो एकटा असतो. नजर तपासायची, कागदावर आकडा लिहायचा, सही ठोकायची. तो हनुवट्या टेकायच्या पट्ट्या स्पिरिटनं पुसत होता. स्पिरिटचा तो थंड, जरा गोडसर वास त्याला घरी गेल्यावरही स्वतःच्या बोटांना येतो. तेवढ्यात दारातून आवाज आला, "आहेस का रे, बगळ्या?" आणि त्याची मान आपोआप ताठ झाली. आता हे नाव घेणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. केस मागे सरकलेला, पोट सुटलेला, स्वतःलाच चष्मा लागलेला माणूस तो; त्याला बगळ्या कोण म्हणणार?

"बाई! तुम्ही? आणि एकट्या?"

"का? एकटीनं यायला बंदी घातलीय का नव्या डॉक्टरांनी?"

"तसं नाही हो. फोन करायचा, मी आलो असतो न्यायला."

"तू न्यायला येणार म्हणजे मी पोचणार उद्या. तुझा वेग माहितेय मला."

त्या आत आल्या. खुर्चीपर्यंत चाचपडल्या नाहीत, अडखळल्या नाहीत. पायठेवणीवर पाय ठेवला आणि वळून बसल्या, जसं आजवर हजारो माणसांना त्यांनी बसवलं होतं. किती बारीक झाल्या होत्या. गळ्याची हाडं वर आली होती, पण केस नीट विंचरलेले, चप्पल स्वच्छ. बोलताना त्या त्याच्या डोक्याच्या थोडं वर बघत होत्या, जणू त्याच्या पाठीमागे त्याच्याहून उंच कुणीतरी उभं आहे. त्यानं एकदा मागे वळून पाहिलंसुद्धा. मागे लोखंडी कपाट होतं.

"ऐक," त्या म्हणाल्या, "सुनेला चिठ्ठी हवीय. सोमवारपासून तिची नोकरी पुन्हा सुरू. नातीला मी सांभाळणार, बागेत नेणार, आणणार. सून म्हणाली, आई, एकदा डोळे दाखवून घ्या, तुमच्याच दवाखान्यात घ्या, म्हणजे तिकडे माझ्या जिवाला घोर नको. तर तेवढं लिहून दे."

"आणि नाही लिहिलं तर?" तो हसत म्हणाला. थट्टाच केली होती त्यानं.

"नाही लिहिलं तर नात जाईल तिच्या दुसऱ्या आजीकडे. बारा तासांच्या गाडीनं. सुट्टीत यायची कधीतरी पाहुणी म्हणून." बाई हसल्या नाहीत. "मग मी आणि भिंती. भिंती बऱ्या असतात तशा. उलट बोलत नाहीत."

त्यानं खोलीतला दिवा मालवला. समोरच्या भिंतीवर उजेडाचा चौकोन उरला. "डावा डोळा झाका," तो म्हणाला, "आणि बोटं फाकवायची नाहीत." "मला शिकवतोस?" त्या म्हणाल्या, आणि तळहाताची खोलगट वाटी करून त्यांनी डोळा झाकला, बुबुळावर दाब न देता, अगदी शिकवल्याप्रमाणे. "जेवढं बारीक दिसेल तेवढं वाचा." चौकोनात एकच ओळ होती. म, ट, र, क, ल. बाईंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "ग."

त्याला वाटलं, गंमत करताहेत. जुनी आठवण म्हणून. त्याच्या तोंडावर हसूसुद्धा आलं. पण बाई थोडं थांबल्या, आणि "र, प" म्हणाल्या. मग "न, ल, ट." एक पायरी खाली. "क, द, म, ज." आवाज तसाच, किंचित वर उचलला जाणारा, म्हातारपणानं थोडा फाटलेला. "व, घ... नाही, थांब. ध." इथं तो पडद्याकडून बाईंकडे वळला. कारण जुन्या तक्त्यावर पाचव्या ओळीत सगळे इथंच चुकायचे, ध ला घ म्हणायचे आणि मग डोळे बारीक करून सुधारायचे. चांगली नजर असलेलीसुद्धा चुकायची. बाई चुकल्या नव्हत्या. बाईंनी ती चूक वाचली होती. ती बरोबर जागी, बरोबर तेवढा वेळ घेऊन ठेवली होती, कपड्याची सुरकुती हातानं पाडावी तशी. "त, ह, स." तो जुना तक्ता गेल्या उन्हाळ्यात उतरवला होता. दिव्याची पेटी काढली, भिंतीला पडलेली चार भोकं बुजवली आणि त्याच जागी हा पडदा लावला, हातातलं बटण दाबलं की अक्षरं बदलणारा, दर वेळी नवी अक्षरं, दर वेळी वेगळा क्रम. लोकांनी पाठ करू नये म्हणून. बाहेर बाकावर बसलेल्यांना आतला वाचणारा ऐकू यायचा, आणि आपली पाळी येईस्तोवर सगळ्यांचा तक्ता तयार असायचा. एकदा एका ट्रकवाल्यानं खुर्चीवर बसता बसता धडाधड शेवटची ओळ म्हणून टाकली होती, आणि बाई म्हणाल्या होत्या, "अहो, मला दिवा तरी लावू द्या!" अख्खा बाक हसला होता, ट्रकवालाही हसला होता, लाल होऊन. "य, ब, ण, च, फ, ख," बाई म्हणत होत्या. त्याचा अंगठा नकळत बटणावर दाबला गेला. पडद्यावर एकच अक्षर आलं, सगळ्यात मोठं, पडद्याच्या कडांना टेकणारं, बाहेर रस्त्यावरून वाचता यावं असं. बाई त्या अक्षराकडे तोंड करून मुंग्यांची ओळ वाचत होत्या. "थ, र, भ, ळ, ग, न, श." श्वास पुरवून पुरवून. आणि त्यांनी हात खाली घेतला.

"बरोबर," तो म्हणाला.

त्यानंतर जे काही झालं ते त्यानं सवयीनं केलं. दुसरा डोळा. दुसऱ्या डोळ्याला ओळ उलटी वाचायला सांगायची, म्हणजे पहिल्या डोळ्यानं पाठ केलेलं उपयोगी पडत नाही. "उलटं वाचा," असं त्याच्या तोंडून निघून गेलं आणि मग वाईट वाटलं, पण बाईंनी उलटंही वाचलं, श पासून थ पर्यंत, एकही अक्षर न गाळता. हे उलटं त्यांनी कधी पाठ केलं असेल? सून शेजारच्या खोलीत असताना, भिंतीकडे तोंड करून? त्याला वाटलं, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला लावलं त्यांची नजर तपासायला या जगात तक्ताच शिल्लक नसतो. त्याची स्वतःचीही. उद्या तो खुर्चीत बसला तर त्याच्यासमोर काय लावतील? पडद्यावर नवी अक्षरं लागतील हे खरं, पण अक्षरांपलीकडचं सगळं तर त्याला पाठ आहे; केव्हा थांबायचं, केव्हा चाचरायचं, "हे जरा पुसट आहे हो" केव्हा म्हणायचं. त्यानं बाईंच्या नाकावर फ्रेम ठेवली. उगाचच. केस अडकू न देता. एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. "हे बरं की हे बरं?" दिवसभर तो हेच विचारतो. भित्री माणसं घाबरतात, परीक्षेत बसल्यासारखी, त्यांना वाटतं की चुकीचं उत्तर दिलं तर चुकीचा चष्मा येईल आणि जन्मभर चुकीचं दिसेल. आणि शेवटी एक वेळ येते की ती म्हणतात, दोन्ही सारखंच वाटतंय. तिथं थांबायचं असतं. दोन्ही सारखंच वाटायला लागलं की काम संपलं, हाच नंबर. त्याला कधी कधी वाटायचं, त्याच्या घरात हे उत्तर फार पूर्वीच आलं होतं. बोललं काय, न बोललं काय. बायको एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली होती, "तुम्ही काही विचारता तेसुद्धा हे बरं की ते बरं अशा सुरात विचारता. आणि मी विचारलं की म्हणता, बघू. दवाखान्यात तुमचं एक बरं असतं, डॉक्टर सांगतील. या घरात डॉक्टर कधी येणार आहेत तेवढं सांगून ठेवा." त्यानं चिमटे तिच्या हातात दिले होते, एकेक करून.  माणूस मशीनपाशी वाकलेला असतो, पडद्यावर त्याचा डोळा थाळीएवढा होऊन समोर असतो, आणि कधी कधी दिसतं, इथं काही बरं नाही, आणि माणूस हनुवटी न हलवता विचारतो, "ठीक आहे ना हो?" आणि आपण म्हणायचं, डॉक्टर सांगतील. ते बरोबरच असतं. टेक्निशियननं निदान सांगायचं नसतं. पण एकदा ते वाक्य जिभेला लागलं की ते जेवताना, झोपताना, मुलाच्या शाळेत, आईच्या उशाशी सगळीकडे आपल्याबरोबर येतं, आणि आपण एक असा माणूस होतो ज्याला सगळं दिसतं आणि ज्याच्याकडून कुणाला काही कळत नाही.

"दोन्ही सारखंच," बाई म्हणाल्या. "चष्मा आहे तोच ठेव."

"इकडे बसा जरा. मशीनवर."

"ते कशाला? नजर तर झाली."

"रीत आहे, बाई. तुमचीच."

त्या बसल्या. हनुवटी पट्टीवर, कपाळ वरच्या कडीला. आत एक चित्र असतं, लांब सरळ रस्ता आणि टोकाला छोटंसं घर. माणूस त्या घराकडे बघतो आणि डोळा स्थिर होतो, मग मशीन नंबर मोजतं. त्याच्या बाजूच्या पडद्यावर बाईंचा डोळा उगवला, मोठा, पापणीच्या काठाला पांढऱ्या झालेल्या बारीक केसांसकट. "घर दिसतं?" "दिसतं रे. रस्त्याच्या टोकाला. लाल छपराचं." छप्पर लालच होतं. पण डोळा घराकडे नव्हता. डोळा वर होता, छपराच्या बराच वर, जिथं चित्रात नुसतं आभाळ आहे. मधून खाली यायचा, काहीतरी हरवल्यासारखा आजूबाजूला फिरायचा आणि पुन्हा वर जाऊन टेकायचा. मशीन टुकटुक करत राहिलं, आकडा मात्र आला नाही. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा नाही. आत्ता त्याच्या लक्षात आलं की आल्यापासून बाई कपाटाकडे बघत नव्हत्या, त्याच्याकडेच बघत होत्या. नजरेच्या मधल्या जागेचं काही उरलेलं नसलं की डोळा कडेनं बघायला शिकतो. कुणी शिकवावं लागत नाही. तो वर बघतो, म्हणजे खालचं त्याच्या कडेला येतं. अशी माणसं रस्त्यानं नीट चालतात, दार नीट उघडतात, पेला अलगद उचलतात. त्यांच्याकडे बघून कुणाला काही कळत नाही. फक्त ती ज्या गोष्टीकडे बघतील नेमकी ती गोष्ट नाहीशी होते. जिथं नजर ठेवावी तिथं एक करडा डाग, आणि आपण जाऊ तिथं तोही आपल्या पुढे पुढे जातो.

"डोळ्याच्या मागचा एक फोटो काढू?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "थेंबसुद्धा नको. नुसता एक झगमगाट."

"नको," बाई म्हणाल्या. लगेच. हनुवटी उचललीसुद्धा. "उजेड लागतो डोळ्याला. चिठ्ठीला फोटो लागत नाही."

फोटोला पाठ केलेलं उत्तर देता येत नाही, म्हणून.  तो टेबलाशी गेला, चिठ्ठ्यांच्या पॅडवरचा एक कागद घेतला आणि तारीख घातली. उजवा डोळा, डावा डोळा, दोन्हीपुढे रिकाम्या रेघा. त्या रेघांवर काय लिहायचं हे त्याला अगदी नीट माहीत होतं. बोटं मोजू शकतात, दोन फुटांवरून, कदाचित एका. हे लिहायचं. किंवा सिक्स बाय सिक्स, म्हणजे नजर निर्दोष, असं लिहायचं, जे त्यानं ऐकलं ते. टेक्निशियननं जे ऐकलं ते लिहायचं असतं, आणि बाईंनी सगळा तक्ता वाचला होता, तो भिंतीवर नव्हता एवढंच. हसायला यावं असं होतं ते. सोमवारी सकाळी एक मुलगी डबा भरून कामावर जाईल, दारात दोनदा वळून बघेल, आणि तिच्या पर्समध्ये हा कागद असेल, त्याच्या सहीचा. आणि बागेकडे जाणारा रस्ता असेल, त्या रस्त्यावर ही बाई, हातात एक लहान हात. किंवा सोमवारी सकाळी एक लहान पोर बारा तासांच्या गाडीत बसेल, आणि ही बाई खिडकीशी उभी राहील, खिडकीच्या थोडं वर बघत. हे बरं की हे बरं? त्यानं पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. बाहेरच्या बाकावर ऊन आलं होतं. बाई केव्हाच तिथं जाऊन बसल्या होत्या, रुग्णांच्या बाकावर, पर्स मांडीवर घेऊन. तो कागद घेऊन बाहेर आला आणि त्यांच्या शेजारी बसला. समोरच्या इमारतीच्या जिन्यावर कुणीतरी गाद्या उन्हात टाकल्या होत्या आणि एक बाई त्या काठीनं झोडत होती. काठी आधी दिसत होती आणि आवाज मागून येत होता.

"लिहिलंस?" बाईंनी विचारलं.

"नाही अजून."

"नाही लिहिणार तू." त्या समोर बघत होत्या, गाद्यांच्या वर, गच्चीकडे. "तू बरोबर म्हणालास, तेव्हाच कळलं मला."

"काय कळलं?"

"अरे, आपण वाचणाऱ्याला कधी बरोबर म्हणतो का? कधीच नाही. पुढे म्हणतो. बास म्हणतो. बरोबर म्हटलं की माणसाला कळतं चूक कुठली ते. इतकी वर्षं मी तुझ्या मागे उभी राहून ऐकलंय, तुझ्या तोंडून एकदाही नाही गेला तो शब्द. आणि आज मला बरोबर म्हणालास, लहान मुलाला म्हणतात तसं." मग त्यांनी विचारलं, "तक्ता बदललाय ना?"

 त्यानं मान हलवली, आणि मान हलवून इथं उपयोग नाही हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. "हो," तो म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यात."

"वाटलंच. उजेड जास्त पांढरा वाटला. आधीची पेटी जरा पिवळट होती." मग त्या हसल्या, अगदी पूर्वीसारख्या, खांदे हलवत. "म्हणजे मी नुसतीच गायले तर! आणि तू ऐकत बसलास. काय शहाणे आपण दोघं. तो ट्रकवाला परवडला."

त्यालाही हसू आलं आणि ते अर्ध्यावर कुठेतरी अडकलं. "बाई, सोमवारी डॉक्टर आहेत. मी स्वतः नेतो आत. आता इंजेक्शनं असतात, पूर्वीसारखं नाही."

"डोळ्याचा मागचा पडदा झिजतो त्यातलं सुईनं थांबतं ते वेगळं. ओलं असतं ते. माझं सुकं आहे. दाखवून आलेय मी, दुसऱ्या शहरात, मैत्रिणीकडे जाते सांगून. चष्म्यानं नाही, सुईनं नाही, ऑपरेशननं नाही. चांगला होता तो डॉक्टर. हळू बोलला." त्यांनी पर्सचा बंद ओढून सरळ केला. "त्यांच्याकडची टेक्निशियन पोरगी मात्र थेंब घालताना काही बोलली नाही. तसाच घातला. दचकले मी."

जिन्यावरच्या बाईनं गादी उलटली. धूळ उन्हात वर चढली आणि तिथंच लोंबकळत राहिली. त्याला वाटलं, आता आपण बोलायला हवं. मी सही करू शकत नाही, असं सरळ वाक्य बोलायला हवं. ते वाक्य तयार होतं. पण तोंडून निघालं ते वेगळंच. तो म्हणाला, "रस्ता..."

"रस्ता दिसतो मला," बाई म्हणाल्या. "तुला सुनेसारखी रस्त्याचीच काळजी. गाड्या दिसतात, खड्डे दिसतात, सिग्नलला माणसं चालायला लागली की कळतं. कडेनं सगळं येतं, बगळ्या. एवढी लांब आले ना मी? बस बदलून आले."

"मग काय दिसत नाही, बाई?"

हा तर पहिला प्रश्न. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो सगळ्यांत आधी विचारायचा असतो, काय त्रास होतो. त्याशिवाय दिवाही मालवायचा नसतो. आज त्यानं तो विचारलाच नव्हता. बाईंना काय विचारायचं, असं त्याला वाटलं होतं.

  गाद्या झोडायचं थांबलं. मग बाईंनी त्याच्या गुडघ्यावरचा कागद चाचपडून घेतला, आज पहिल्यांदा चाचपडून, आणि त्याच्या मधोमध एक घडी घातली.

"परवा बागेत नेलं होतं तिला. घसरगुंडीपाशी पोरांची ही गर्दी. मी हाक मारली, चल गं घरी, आणि एक हात आला माझ्या हातात. गरम, चिकट. निघालो आम्ही. फाटकापर्यंत गेलो. मी आपली बोलतेय तिच्याशी, काय काय. ती गप्प. म्हटलं, रुसली असेल. तेवढ्यात मागून एक बाई धावत आली, अहो आजी, अहो आजी, माझी मुलगी कुठं नेताय! आणि आमची तिकडे वाळूत बसून रडतेय. सगळे हसले. मीही हसले. सुनेला म्हटलं, दोघींचे फ्रॉक सारखे होते गं. तेव्हापासून तिला ही चिठ्ठी हवीय."

"फ्रॉक सारखे होते?"

"मला काय माहीत." त्यांनी कागदाला दुसरी घडी घातली, नखानं दाबून. "आमची बोलते ना, म्हणून मला कळते. आवाजावरून. डोक्याच्या वासावरून. ही पोरगी बोललीच नाही रे. बोलली असती तर कळलं असतं."

तो वळला. बाई आता त्याच्याकडे बघत होत्या, म्हणजे त्याच्या कपाळाच्या वर बघत होत्या.

"लोक येतात, म्हणतात, नाक अगदी आजीचं आहे. मी म्हणते, हो ना. मुलगा म्हणतो, आई, बघ कशी हसतेय, मी म्हणते, लबाड आहे. बारशाला सगळ्यांनी विचारलं, कुणावर गेलीय सांगा, आणि मी सांगितलं, डोळे तुझे, कपाळ हिचं. सगळे खूश झाले. पण ती जन्मली तेव्हाच माझं मधलं गेलेलं होतं, बगळ्या. दोन्ही डोळ्यांचं. दवाखान्यात माझ्या हातात दिली तेव्हासुद्धा दुपट्याचे काठ दिसले, दोन मुठी दिसल्या. मधे काही नव्हतं. अडीच वर्षं झाली. कुणाला बोलले नाही मी. मी तिचं तोंड अजून पाहिलेलंच नाही."